क्लाइनफेल्टर लक्षणसमूह

पुरुषाच्या पेशींत एक एक्स गुणसूत्र जादा असल्याने वृषणांची वाढ खुंटणारी आणि शुक्राणूंची निर्मिती अत्यंत कमी किंवा बंद होणारी जन्मजात अवस्था. पुरुषाची ४६ गुणसूत्रे, लिंगगुणसूत्रांची जोडी एक्सवाय, हे नेहमीचे चित्र. येथे एक्सएक्सवाय होऊन संख्या ४७ भरते. साधारण ६०० ते ७०० मुलग्यांत एकाला ही अवस्था असते. वीर्यात शुक्राणूच न सापडणाऱ्या दर दहा पुरुषांमागे सुमारे एकात ती निघते.

बोस्टनमध्ये हॅरी क्लाइनफेल्टर, रायफेनस्टाइन व ऑल्ब्राइट यांनी १९४२ मध्ये नऊ रुग्णांवरून तिचे वर्णन केले. मूळ गुणसूत्रात आहे हे १९५९ मध्ये पॅट्रिशिया जेकब्ज आणि जॉन स्ट्राँग यांनी दाखवले. स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांची जोडी विलग झाली नाही, की हा जादा एक्स गर्भात येतो. तो आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. यात कोणाची चूक नसते, आणि हे कुटुंबाला स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे.

शुक्राणूंच्या मूळ पेशींची घट जन्मापूर्वीच सुरू होते. वयात येताना ती झपाट्याने वाढते आणि शुक्रजनक नलिका कठीण, निर्जीव तंतूंनी भरून जातात. तपासणीत डॉक्टर १ ते २५ मिलिलिटर मापाच्या मण्यांच्या माळेशी वृषणाचा आकार ताडून पाहतात. प्रौढाचे वृषण सहसा १५ च्या पुढच्या मण्यांशी जुळते. येथे ते बहुधा पाचच्याही खाली भरते आणि हाताला घट्ट लागते. एफएसएच व एलएच ही संप्रेरके वाढलेली असतात, टेस्टोस्टेरॉन बहुधा कमी. शरीरसंबंधांत मात्र अनेकांना काहीच अडचण नसते. त्यामुळे लग्नानंतर मूल होईना की तपासण्यांचा ससेमिरा बायकोमागे लागतो, आणि वर्षे वाया जातात. खरे तर पतीची वीर्यतपासणी आणि रक्तावरून केलेली गुणसूत्रतपासणी एवढ्यावर उलगडा होतो.

सर्वच पेशींत बदल नसेल, तर काहींच्या वीर्यात शुक्राणू सापडतात. इतरांत सूक्ष्मदर्शकाखाली वृषण उघडून जिवंत नलिकांचे बेट शोधतात. निम्म्याच्या जवळपास रुग्णांत शुक्राणू मिळतात. मग इक्सी पद्धतीने एकेक शुक्राणू स्त्रीबीजात सोडतात. मूल हवे असणाऱ्याने त्याआधी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने सुरू करू नयेत. उरलीसुरली शुक्राणुनिर्मितीही त्यांनी दबते. अपत्याचा प्रश्न मिटल्यावर हाडे व स्नायू राखण्यासाठी हाच उपचार मोलाचा ठरतो.

वाय गुणसूत्राचा शुक्राणुनिर्मितीशी निगडित एझेडएफ भाग गळणे किंवा गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होणे, यांनीही वंध्यत्व येते. एझेडएफमधील दोष इक्सीने झालेल्या मुलग्याकडे जातो. क्लाइनफेल्टर पुरुषांच्या अपत्यांत मात्र गुणसूत्रे बहुतेक वेळा नेहमीसारखीच आढळली आहेत; तरी उपचारापूर्वी जोडप्याने जनुकीय समुपदेशन घ्यावे.