परोपकार की आत्मरक्षण? : 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'च्या उगमाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

व्यसनमुक्तीच्या कार्यात मदत करणारा समर्थ आणि मदत घेणारा दुर्बल, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. अमेरिकेत १९३५ साली उदयास आलेल्या 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या संघटनेने हे गृहीत नाकारले. दारू सोडलेल्या माणसाला स्वतःच्या रक्षणासाठीच दुसऱ्या मद्यपीची गरज असते, हा विचार कसा घडला याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पूर्वपीठिका

१८४० मध्ये बाल्टिमोर येथे सहा मद्यपींनी दारू सोडण्याची शपथ घेऊन 'वॉशिंग्टनियन' चळवळ सुरू केली. स्वतःचे अनुभव सांगून इतरांना मद्यमुक्त करणे ही तिची पद्धत होती. चळवळ वेगाने पसरली. परंतु दारूबंदीच्या राजकारणात व अन्य वादांत ओढली जाऊन काही वर्षांतच ओसरली.

अॅक्रन येथील भेट

न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराशी संबंधित असलेल्या बिल विल्सन यांनी डिसेंबर १९३४ मध्ये दारू सोडली. पुढील काही महिन्यांत त्यांनी अनेक मद्यपींना सुधारण्याचा प्रयत्न केला. त्यांपैकी एकही मद्यमुक्त झाला नाही. मात्र या काळात विल्सन स्वतः दारूपासून दूर राहिले, ही गोष्ट त्यांच्या पत्नी लोइस यांनी त्यांच्या निदर्शनास आणली. डॉ. सिल्कवर्थ यांनी त्यांना उपदेश कमी करून आधी आजाराचे स्वरूप सांगण्याचा सल्ला दिला.

मे १९३५ मध्ये विल्सन व्यवसायानिमित्त ओहायो राज्यातील अॅक्रन येथे गेले. तेथील व्यवहार फसला. हॉटेलात एकटे असताना पावले मद्यगृहाकडे वळतील या भीतीने त्यांनी दूरध्वनी करून एखाद्या मद्यपीचा शोध सुरू केला. हेन्रिएटा सायबर्लिंग यांच्या मध्यस्थीने १२ मे रोजी त्यांची शल्यविशारद डॉ. रॉबर्ट स्मिथ यांच्याशी गाठ पडली. पंधरा मिनिटांसाठी आलेले डॉ. स्मिथ कित्येक तास बोलत राहिले. उपदेश त्यांनी पूर्वी पुष्कळ ऐकला होता. अनुभवाच्या भाषेत बोलणारा आणि स्वतःच्या गरजेपोटी आलेला माणूस मात्र प्रथमच भेटला होता. तरीही जूनमध्ये एका वैद्यकीय अधिवेशनाच्या निमित्ताने ते पुन्हा प्यायले. १० जून हा त्यांच्या अखेरच्या मद्यपानाचा दिवस मानला जातो आणि तोच संघटनेचा स्थापनादिन ठरला. त्याच महिन्यात दोघेही रुग्णालयातील तिसऱ्या मद्यपीच्या भेटीस गेले.

तत्त्वाची मांडणी

१९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संघटनेच्या ग्रंथातील बारा पायऱ्यांपैकी अखेरच्या पायरीत इतर मद्यपींपर्यंत संदेश पोहोचविण्याचा अंतर्भाव आहे. १९५० मध्ये स्वीकारलेल्या बारा परंपरांनी आर्थिक स्वावलंबन, अनामिकता आणि बाह्य वादांपासून अलिप्तता यांचे बंधन घालून घेतले. ज्या वादांनी 'वॉशिंग्टनियन' चळवळ पोखरली, त्यांना येथे दाराबाहेर ठेवण्यात आले. महाराष्ट्रातही डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्ये व्यसनमुक्त झालेल्या रुग्णांनाच कार्यकर्ते म्हणून स्थान मिळाले.

निष्कर्ष

इतर मद्यपींना मदत करणाऱ्यांमध्ये व्यसन उलटण्याचे प्रमाण कमी असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. अर्थात, जे आधीच सावरलेले असतात तेच मदतीस पुढे येत असतील, ही शक्यता नाकारता येत नाही. तथापि, विल्सन यांच्या पहिल्या काही महिन्यांचा अनुभव एक गोष्ट स्पष्ट करतो : समोरचा माणूस सुधारला नाही, तरी त्याच्यासाठी केलेला प्रयत्न करणाऱ्याला सावरू शकतो. या दृष्टीने येथे मदत घेणाराही दाताच ठरतो.