अंगणवाडीतलं अंगण कुणाचं?

आजचा भाग एका शब्दावरून सुरू करू. अंगणवाडी. हा शब्द आपण लहानपणापासून इतक्यांदा ऐकलाय की तो फोडून बघायचं कधी सुचतच नाही. अंगणवाडी म्हटलं की वजनकाटा, खिचडी, लसीकरणाचं कार्ड आणि मानधनासाठी मोर्चाला निघालेल्या सेविका ताई, एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण यातली वाडी कळली तरी अंगण कुठून आलं? आणि कुणाचं?

उत्तर आपल्यापासून फार लांब नाही. पनवेलहून वसईची गाडी धरायची, पुढे डहाणूपर्यंत लोकल, आणि डहाणूच्या पुढचं स्टेशन घोलवड. तिथून बोर्डी अगदी जवळ. चिकूच्या वाड्या, सुरूची झाडं, समोर समुद्र. शनिवार-रविवार जोडून आपल्यातले बरेच जण तिकडे जाऊन आलेत, रील्सही टाकून झाल्यात. त्याच बोर्डीत १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र नावाची एक छोटी संस्था सुरू झाली. अंगणाची गोष्ट तिथली आहे.

पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल, थेट रोमला. ६ जानेवारी १९०७. सॅन लॉरेन्झो या गरीब कामगारांच्या वस्तीत मारिया मॉन्टेसरी या डॉक्टर बाईंनी एक बालगृह उघडलं. आईबाप कामावर, पोरं दिवसभर इमारतीत मोकाट, भिंतींची वाट लावतायत. इमारतवाल्यांना कुणीतरी पोरं सांभाळणारं हवं होतं, म्हणून ही जागा मिळाली. आज आमच्या नवी मुंबईत दर सेक्टरला एक तरी 'मॉन्टेसरी' लिहिलेली पाटी दिसते आणि आतल्या फीचा आकडा ऐकून माणूस गप्प बसतो. ही पद्धत जन्मली ती मजुरांच्या मुलांसाठी, हे त्या पाटीवर कुठेच लिहिलेलं नसतं.

ती आपल्याकडे आली गुजरातमार्गे. भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक वकील होते. स्वतःला मुलगा झाल्यावर त्यांना प्रश्न पडला, की याला कुठल्या शाळेत घालायचं? शोधता शोधता मॉन्टेसरींची पुस्तकं हाती लागली, वकिली सुटली आणि १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांचं बालमंदिर सुरू झालं. मिशा भरदार आणि जीव आईचा, म्हणून लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणायचे. त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. मुंबईत जन्मलेल्या, १९१४ च्या पदवीधर. राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजातली चांगली नोकरी होती, ती सोडून त्या बालमंदिरात आल्या. त्या काळात बी. ए. झालेल्या बाईने तीन-चार वर्षांच्या पोरांना 'शिकवायला' जाणं म्हणजे लोकांना खुळेपणाच वाटला असणार. १९२६ मध्ये दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढे ताराबाई मुंबईला परतल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं.

शिशुविहार उत्तम चाललं होतं. पण मुलं कुणाची होती? शहरातल्या शिकलेल्या, बऱ्यापैकी मिळवत्या घरांतली. १९३१ मध्ये गांधीजी लंडनला गेले होते, तेव्हा मॉन्टेसरींच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांचं भाषण झालं. त्यात त्यांनी कौतुक केलं आणि जोडीने एक अपेक्षाही सांगितली, की हे शिक्षण श्रीमंतांच्या मुलांपुरतं राहू नये, कंगालांच्या मुलांनाही मिळावं. मॉन्टेसरीचं साहित्य महाग, खोली ऐसपैस हवी, शिक्षिका तयार झालेली हवी. खेड्यात हे कसं न्यायचं? ताराबाईंनी त्रेपन्नाव्या वर्षी हा प्रश्न अंगावर घेतला आणि दादर सोडून बोर्डी गाठली. तिथे आचार्य भिसे यांच्यासारखी शिक्षणात काम करणारी माणसं आधीपासून होती, तो एक आधार.

सोबत होत्या अनुताई वाघ, वय पस्तीस. अनुताईंचं तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. पुढे त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागेत त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. १९४५ मध्ये बोरिवलीला ग्रामसेविकांचं एक शिबिर होतं, तिथे ताराबाईंची गाठ पडली. ताराबाईंनी विचारलं, येतेस का? या गेल्या. त्या तेव्हा ज्या गेल्या, त्या १९९२ मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत त्या पट्ट्यातच राहिल्या.

आता खरी गंमत. शाळा तर काढली, पण पोरंच येईनात. दलित वस्तीतली, मच्छीमारांची, आदिवासी पाड्यांवरची मुलं, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, तीच गायब. आपण सॉफ्टवेअरवाले अशा वेळी म्हणतो की युजरला समजावून सांगा, नोटिफिकेशन पाठवा. या दोघींनी शाळाच उचलली आणि वस्तीत नेली. कुणाच्या तरी घरासमोरचं सारवलेलं अंगण, त्यात बसायचं. मुलं तिथे असतातच, आई कामातून नजर टाकू शकते, आजी दारात बसून बघते. मध्यवर्ती बालवाडी एका जागी, ठरलेल्या वेळेला. आणि ही दुसरी, वस्तीवस्तीत जाणारी, अंगणातली बालवाडी. अंगणवाडी! म्हणजे अंगण मुलांचं. शाळा तिथे पाहुणी.

अंगणात बसल्यावर पहिला धडा अक्षरांचा नव्हताच. आंघोळ, नखं, केस, नाक पुसणं यातच सकाळ जायची. मग गाणी, गोष्टी, खेळ. आणि साहित्य? रोमहून आलेले लाकडी ठोकळे कुठून आणणार? समुद्र शेजारी होता. शिंपले, वाळू, बिया, पानं, काड्या, दगड. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत, मॉन्टेसरी जे महागड्या पेटीतून शिकवायची तेच इथे ओंजळीतून. लोक याला 'स्वस्त पर्याय' म्हणतात, ते मला पटत नाही. तीन वर्षांच्या मुलाला शिंपला हा ठोकळ्यापेक्षा चांगलाच, कारण तो घरी जाताना सापडतो आणि शाळा सुटल्यावरही शिकणं चालू राहतं.

काही वर्षांनी, १९५७ च्या सुमारास, काम बोर्डीहून डोंगराच्या बाजूला, कोसबादच्या टेकडीवर गेलं. इथे वस्ती मुख्यतः वारल्यांची. या मुलखात १९४५ सालीच दुसरी एक मोठी गोष्ट घडलेली. मे महिन्यात झरी गावात वारल्यांची परिषद भरली आणि गोदावरी परुळेकर, शामराव परुळेकर यांच्या किसान सभेबरोबर वारली जमीनदारांच्या वेठीविरुद्ध उभे राहिले. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोने आयुष्यभर सावकाराकडे राबायचं. 'लग्नगडी' म्हणायचे अशांना. म्हणजे अनुताई ज्या मुलांना आंघोळ घालायला आल्या, त्यांचे आईबाप नुकतेच गुलामीतून मान वर काढत होते. पोरांच्या वाट्यालाही बालपण नव्हतं, गुरं होती आणि धाकटं भावंड होतं.

गुरं राखणारा मुलगा सकाळी दहाला शाळेत येणार नाही. त्याला रागावून उपयोग नाही, घरच्यांना समजावूनही फारसा नाही, कारण गुरं तर चरायला हवीतच. मग अनुताईंनी कुरणशाळा काढली. शिक्षकच मुलांबरोबर कुरणावर. गुरं चरतायत, मुलं झाडाखाली, गणतीला खडे आणि जनावरं, गोष्टीला आजूबाजूचं रान. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी अडकलेली मुलगी? तिच्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. ताईच्या कडेवरचं बाळ पाळण्यात, मधलं बालवाडीत, ताई वर्गात. याला त्यांनी विकासवाडी म्हटलं. दिवसभर कामाला जाणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. मूल का आलं नाही याचं प्रत्येक वेळी एकेक खरं कारण सापडायचं आणि दर वेळी बदलायची ती शाळा.

मला या सगळ्यात थांबून बघावंसं वाटतं ते इथे. छोटी, स्वतंत्र शाळा मुलाला नक्की काय देते? जाहिराती सांगतात वैयक्तिक लक्ष, आनंददायी वातावरण वगैरे. खोटं नाही ते. पण कोसबादला जे दिसतं ते त्याच्या मुळाशी आहे. तिथे निर्णय घेणारी बाई आणि मुलाचं नाक पुसणारी बाई एकच होती. मंगळवारी लक्षात आलं की वेळ चुकतेय, तर बुधवारी वेळ बदलता यायची. परिपत्रकाची वाट नाही, वरून मंजुरी नाही, तीनशे शाखांना एकसारखं करायची सक्ती नाही. तीन वर्षांचं मूल दर महिन्याला वेगळं माणूस असतं. त्याच्या वेगाने बदलू शकेल अशी संस्था लहानच असावी लागते.

तोटेही तितकेच खरे. सदा पैशांची चणचण. आणि सगळं एक-दोन माणसांच्या जिवावर. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, ३१ ऑगस्टला (योगायोग असा की मॉन्टेसरींचा जन्मदिवस तोच). पुढची दोन दशकं अनुताईंनी ओढली. दोघींना पद्म पुरस्कार मिळाले, ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. पण अशा बायका दर तालुक्याला कुठून आणायच्या?

सरकारने उत्तर काढलं ते आकाराचं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत. ही लहान गोष्ट नाही, कितीतरी मुलं त्या आहारावर आणि लसींवर जगली. पण योजनेत सहा सेवा. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आईला आरोग्य-शिक्षण आणि मग पूर्वशालेय शिक्षण. सहातलं एक. आणि सहाही एकाच सेविकेच्या डोक्यावर, वर रजिस्टरं, आता ॲपमध्ये नोंदी. तिला पगार नाही, 'मानधन'. ग्रॅच्युइटीचा हक्क तिला आहे हे सांगायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागलं. कुरणावर जायचं तिने ठरवलं, तर कुठल्या रकान्यात भरणार?

आता आपल्या गावाकडे येतो. माझी भाची गेल्या वर्षी तीन वर्षांची झाली. ताई-भावजी सानपाड्यापासून खारघरपर्यंत शाळा बघत फिरले, आणि गाडी माझी म्हणून मीही. एका ठिकाणी पत्रकावर 'वय ३ पासून कोडिंग' होतं. मी रोज आठ-दहा तास तेच करतो, माझ्यावर विश्वास ठेवा, ती घाई नाहीये. एका ठिकाणी एसी वर्ग, कॅमेऱ्यातून मूल फोनवर दिसणार. मी सगळीकडे एकच प्रश्न विचारत होतो: मूल चार दिवस आलं नाही, तर तुम्ही काय करता? बहुतेक जागी उत्तर आलं, 'ॲपवर मेसेज जातो, सर.' एका जुन्या सिडको कॉलनीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या बालवाडीतल्या बाई म्हणाल्या, 'संध्याकाळी भाजी आणायला जाते तेव्हा घरी डोकावते. कधी आजी आजारी असते, कधी पोरगं कुणाला तरी घाबरलेलं असतं.' भाची तिथे जाते. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, मैदान नाही, आणि पहिलीत दुसरीकडे जावंच लागेल. हे सगळं धरूनच ताईने ठरवलं.

पण ज्यांना असं फिरून निवडता येत नाही, त्यांचं काय? उलव्यात, तळोज्यात टॉवर उभे राहतायत, त्यांच्या पायाशी पत्र्याच्या खोल्यांत मजुरांची मुलं आहेत. आईबाप कामावर, पोरं इमारतीत मोकाट, म्हणजे परत १९०७ चं सॅन लॉरेन्झोच की. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवरच पाळणाघर सुरू केलं, मोबाइल क्रेश. १९७२ पासून ते काम मुंबईतही आलं. १९९६ चा बांधकाम मजुरांचा कायदा २०२५ पर्यंत सांगत होता की पन्नासहून जास्त महिला कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी. तुमच्या बिल्डिंगशेजारी काम चालू असेल तर जरा आत बघा, ती खोली दिसते का.

अनुताईंनी रमेश पानसे यांच्यासोबत १९८२ मध्ये ग्राममंगल ही आणखी एक संस्था काढली, तिची शाळा डहाणू तालुक्यातच ऐने गावात आहे. त्यावर स्वतंत्र भाग करायचाय. तोवर अनुताईंचं 'कोसबादच्या टेकडीवरून' मिळालं तर वाचा. पुढच्या वेळी झरीच्या परिषदेबद्दल बोलू, आज ती दोन वाक्यांत उरकावी लागली. भेटू.