शैक्षणिक तंत्रविज्ञान व शिक्षक-प्रशिक्षण, विदर्भातील

अध्यापनास उपयोगी पडणारी साधने, उपकरणे व तंत्रे यांची निवड, रचना आणि वर्गातील प्रत्यक्ष वापर यांविषयी छात्राध्यापकांची करून घेतली जाणारी पूर्वतयारी. शैक्षणिक तंत्रविज्ञान या संज्ञेत केवळ यंत्रांचा समावेश होत नाही. उद्दिष्ट, आशय, साधन व मूल्यमापन यांची पद्धतशीर सांगड घालण्याची रीतही तीत येते. नागपूर व विदर्भ या प्रदेशात हा विषय दोन भिन्न मार्गांनी आला : एक वर्ध्याच्या मूलोद्योग शिक्षणाचा, तर दुसरा आकाशवाणी, दूरचित्रवाणी व संगणक यांचा. पहिल्या मार्गात शिक्षकाची तयारी आधी झाली व साधन त्याच्यामागून शाळेत गेले. दुसऱ्या मार्गात बहुधा याच्या उलट घडले.

पूर्वपीठिका : नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. तथापि माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे प्रांतातील प्रमुख केंद्र जबलपूर येथे होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला व जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. त्यामुळे एका प्रशिक्षणपरंपरेत वाढलेल्या विदर्भातील शिक्षकवर्गाला दुसऱ्या राज्याच्या व्यवस्थेशी जुळवून घ्यावे लागले. या काळातील प्रशिक्षणात फलकलेखन, नकाशे, तक्ते व प्रतिकृती यांचा वापर शिकविला जाई. पाठटाचणात शैक्षणिक साधनांचा स्वतंत्र उल्लेख करण्याचा प्रघात पुढेही चालू राहिला.

वर्धा योजना : २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षणपरिषद भरली. तीतून नेमल्या गेलेल्या झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगाभोवती सर्व विषय गुंफण्याची योजना मांडली (⇨ मूलोद्योग शिक्षण). प्रशिक्षणासाठी समितीने तीन वर्षांचा पूर्ण व एक वर्षाचा अल्प असे दोन शिक्षणक्रम सुचविले. मध्य प्रांताच्या विद्यामंदिर योजनेसाठी १९३८ मध्ये वर्धा येथे प्रशिक्षण शाळा सुरू झाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या हिंदुस्थानी तालीमी संघाने सेवाग्राम येथे हे कार्य पुढे चालविले.

टकळी हे या पद्धतीतील अध्यापनाचे साधन होते. सुताची लांबी व वजन यांतून अंकगणित, कापसाच्या पिकातून भूगोल व निसर्गविज्ञान, कापडाच्या व्यापारातून इतिहास असा समवाय शिक्षकाने साधावयाचा होता. त्याकरिता छात्राध्यापकाने प्रथम स्वतः सूत कातणे अनिवार्य होते. साधन हाताळता येणे व त्यातून विषय शिकविता येणे ही दोन भिन्न कौशल्ये होत आणि दोहोंचा सराव हवा, हे तत्त्व येथे प्रथमच एका व्यापक योजनेचा पाया झाले. स्वातंत्र्योत्तर काळात ही पद्धती मागे पडली. लेखी परीक्षेला असलेले महत्त्व, पालकांची पुस्तकी शिक्षणाची अपेक्षा आणि समवायाचे यांत्रिक रूप ही त्याची मुख्य कारणे होत.

ध्वनिक्षेपण व दूरचित्रवाणी : आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. शालेय ध्वनिक्षेपणाचा वर्गात उपयोग करावयाचा, तर कार्यक्रमापूर्वी विद्यार्थ्यांची तयारी, कार्यक्रमाच्या वेळी लक्षपूर्वक श्रवण आणि नंतर चर्चा या तीन पायऱ्या आवश्यक असतात. प्रसारणाची वेळ केंद्राकडून ठरत असल्याने ती शाळेच्या वेळापत्रकाशी जुळविणे अवघड जाई. पहिली व तिसरी पायरी सर्वस्वी शिक्षकावर अवलंबून असल्याने, तो प्रशिक्षित नसेल तर कार्यक्रम केवळ ऐकण्यापुरता उरे.

उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी-शिक्षणाचा प्रयोग भारतात १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविण्यात आले. महाराष्ट्र त्यांत नव्हता. शेजारचे मध्य प्रदेश व आंध्र प्रदेश होते. या प्रयोगात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्यासाठी दूरचित्रवाणी, आकाशवाणी, पुस्तिका व प्रत्यक्ष कृती यांचा एकत्रित शिक्षणक्रम देण्यात आला. चित्र पाहून झाल्यावर शिक्षकांनी स्थानिक मार्गदर्शकांच्या मदतीने प्रयोग करून पाहावयाचे, अशी त्याची रचना होती.

३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१बी हा उपग्रह सोडण्यात आला. त्यावरील शैक्षणिक कार्यक्रमांसाठी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश झाला. मराठी कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी पुणे येथे १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन झाली; ५ ते ८ व ९ ते ११ या वयोगटांतील मुलांसाठी तिने कार्यक्रम तयार केले. केंद्र शासनाच्या योजनेतून शाळांना दूरचित्रवाणी-संच आणि आकाशवाणी-संचासह ध्वनिफीत-यंत्रे देण्यात येऊ लागली. मात्र वीजपुरवठा, दुरुस्ती व संचांची सुरक्षितता हे प्रश्न शाळांवर पडले. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद करण्यात आली.

सूक्ष्म अध्यापन : अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास विकसित झालेल्या या तंत्रात छात्राध्यापक एकेका अध्यापनकौशल्याचा छोट्या पाठातून सराव करतो. मूळ पद्धतीत पाठाचे चित्रमुद्रण करून ते त्याला दाखविले जाई. भारतीय महाविद्यालयांत अशी यंत्रे दुर्मिळ होती. म्हणून येथील प्रतिमानात सहाध्यायीच विद्यार्थी व निरीक्षक झाले. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुनर्पाठ व सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण असे छत्तीस मिनिटांचे चक्र रूढ झाले. बी. एड्. च्या शिक्षणक्रमात ते स्थिरावले.

संगणक व नंतरचा काळ : १९८४ मध्ये देशातील सुमारे २५० शाळांत संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर (१९८६) जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था स्थापन झाल्या. त्यांच्या सात शाखांपैकी एक शैक्षणिक तंत्रविज्ञानाची असल्याने या विषयाला जिल्हा पातळीवर प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार बी. एड्. चा शिक्षणक्रम दोन वर्षांचा झाला. त्यात माहिती व संप्रेषण तंत्रविज्ञानाच्या चिकित्सक आकलनाचा घटक व किमान वीस आठवड्यांचा शाळानुभव यांचा अंतर्भाव झाला. ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय अंकीय व्यासपीठ २०१७ मध्ये कार्यान्वित झाले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा पूर्वतयारी नसलेल्या शिक्षकांनाही भ्रमणध्वनीवरून शिकविणे भाग पडले. त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकाला क्यूआर संकेतांची जोड देऊन त्यांनी साधनाची रचना स्वतः केली होती.

मूल्यमापन : या इतिहासात साधने वारंवार बदलली, शिक्षकाच्या तयारीचा प्रश्न मात्र कायम राहिला. ज्या तंत्राला सरावपाठात स्थान मिळाले ते टिकले. जे केवळ लेखी परीक्षेचा विषय झाले ते प्रमाणपत्रापुरते राहिले. सूक्ष्म अध्यापन यंत्राविना रुजले आणि पुष्कळ ठिकाणी संच असूनही दूरचित्रवाणी वर्गात रुजली नाही, यावरून हे स्पष्ट होते. वर्ध्याच्या अनुभवाने याला एक मर्यादाही घालून दिली आहे. शिक्षक सिद्ध असला, तरी परीक्षापद्धती व समाजाची अपेक्षा प्रतिकूल असतील, तर साधन शाळेत टिकत नाही. नव्या साधनावर खर्च करताना छात्राध्यापकाच्या सरावासाठी, तसेच साधनाच्या देखभालीसाठी किती तरतूद केली, हा प्रश्न म्हणूनच दुय्यम ठरत नाही. ती तरतूद नसल्यास तोटा प्रथम होतो तो खेड्यातील शाळेचा. कारण साधन निकामी झाल्यावर तेथील विद्यार्थ्यांना शिक्षकाखेरीज दुसरा आधार बहुधा नसतो.