लखनौच्या भडभुंज्याची भट्टी

लखनौच्या खाद्यवैभवाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास साधनांची वाण सहसा पडत नाही. असफउद्दौल्याने १७७५ साली फैजाबादेहून राजधानी लखनौस आणली तेव्हापासून १८५६ साली वाजिद अली शाहचे राज्य खालसा होईपर्यंतच्या ऐंशी वर्षांत तेथील बावर्ची आणि रकाबदार यांनी पाककलेत जी करामत दाखविली, तिला तोलामोलाचे बखरकारही लाभले. अब्दुल हलीम शरर यांनी १९१३ पासून आपल्या ‘दिलगुदाज’ मासिकात गतकालीन लखनौविषयी जी लेखमाला चालविली, तीत केवळ उडदाची डाळ शिजविण्यासाठी भरभक्कम दरमहा घेणारा आचारी आहे, बदामाचे तांदूळ आणि पिस्त्याची डाळ कोरून केलेली खिचडी आहे, आणि दिल्लीच्या एका शहाजाद्यापुढे मुरंबा म्हणून मांडलेला व तोंडात घालताच मांसाचा कोर्मा निघालेला तो प्रसिद्ध पदार्थही आहे. परंतु थंडीच्या दिवसांत त्याच शहराच्या मोहल्ल्यांतून तापणाऱ्या भडभुंज्याच्या भट्टीला, आणि तिच्या राखेत भाजून निघणाऱ्या कंदमुळांना, या दरबारी रसिकतेने आपल्या दस्तरखानावर जागा दिली नाही.

कंदमुळांचे नवाबी स्वयंपाकाला वावडे होते असा मात्र याचा अर्थ नव्हे. रात्रभर मंद आंचेवर मुरणाऱ्या शबदेगीत मांसाबरोबर सलगम असतो. सुरणाचे कबाब असे करतात की खाणाऱ्याला खिम्याचा भास व्हावा. आणि काळ्या गाजराचा हलवा तर हिवाळ्यात चौकातल्या मिठाईवाल्यांचे भूषणच असतो. पण या सर्व सत्कारात एक अट गृहीत धरलेली आहे, ती अशी की कंदाने आपले मूळ रूप, आपली साल आणि शक्य तर आपली चवही दारातच ठेवून आत यावे. जे आहे ते दुसरेच काही भासविणे, यातच ज्या पाकशास्त्राने परमोत्कर्ष मानला, त्याला सालासकट भाजलेले आणि जसे आहे तसेच दिसणारे रताळे कलाहीन वाटले असल्यास नवल नाही.

हे रताळे ज्या भट्टीत भाजले जाई तिला अवधात भाड म्हणतात. मातीने लिंपलेली जमिनीसरसी भट्टी, एका अंगाला जळण सारण्याचे तोंड, वर वाळूने भरलेली मडकी किंवा कढई, आणि जळणाला वाळलेली पाने, काटक्या, पेंढा, असा तिचा सगळा सरंजाम. धान्य ज्याचे त्याने आणावे, भडभुंज्याने तापल्या वाळूत ते फुलवून चाळून द्यावे आणि मजुरी म्हणून त्यातलेच चार मुठी ठेवून घ्यावे, असा हा पूर्वापार व्यवहार. विल्यम क्रूकने १८९६ साली वायव्य प्रांत व अवध येथील जातीजमातींवर चार खंड प्रसिद्ध केले, त्यांत या भडभुंज्यांची नोंद आहे. नवाबांच्या आचाऱ्यांना शररसारखा शैलीदार चरित्रकार मिळाला. भडभुंज्याच्या वाट्याला आला तो सरकारी मुलकी अंमलदार. तथापि वंशावळ काढायचीच झाली तर भाडाची अधिक प्राचीन ठरेल, कारण पाणिनीच्या सूत्रांवरील काशिकावृत्तीत ‘भ्राष्ट्रा’त भाजलेल्या अपूपांचे उदाहरण आढळते, आणि क्रूकसारख्यांनी भडभुंजा या नावाचे मूळही तेथेच शोधले आहे.

कंद भाजून तेलमिठासह खाण्याची चालही तितकीच जुनी असली पाहिजे. वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत मूळव्याधीवर जो उपाय सांगितला आहे तो असा, की सुरणाच्या कंदाला मातीचा लेप द्यावा, पुटपाकाच्या रीतीने तो अग्नीत भाजावा आणि तेल व मीठ लावून खावा. औषध म्हणून लिहिलेली ही कृती वाचताना, वैद्याने आपल्या घरची एक चविष्ट कोशिंबीर रोग्याच्या नावावर खपविली की काय, असा संशय मला नेहमी येतो.

रताळे आणि बटाटा हे मात्र या घराण्यात उशिरा आलेले. दोन्ही अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर हिंदुस्थानात शिरलेले. असे असूनही आपल्याकडे एकादशीला आणि महाशिवरात्रीला रताळ्यावाचून उपवास सुना वाटतो, आणि लखनौकडे कार्तिक शुद्ध एकादशीला देव जागे होतात तेव्हा त्यांच्यापुढे ऊस व शिंगाड्यांबरोबर शकरकंदही ठेवतात. धर्मशास्त्राने एवढ्या सहजपणे पदरात घेतलेले परकीय फारसे नसतील.

राखेत किंवा वाळूत कंद का खुलतो, याचे कारण साधे आहे. रताळ्याचा गाभा सावकाश तापत असता, साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या टप्प्यात, त्यातील पाचकद्रव्य पिठाचे साखरेत रूपांतर करीत राहते. घाईची आंच हा टप्पा झपाट्याने ओलांडून जाते आणि रताळे शिजते खरे, पण गोड होत नाही. काळ्या गाजराचा जांभळा रंग पाण्यात उतरतो, म्हणून ते उकडले की रंग पातेल्यात राहतो. कोरड्या उष्णतेत तो कंदातच टिकतो. बिटाचीही तीच कथा. १७८४च्या दुष्काळात इमामबाड्याच्या कामावरील मजुरांसाठी तोंड बंद केलेल्या देगी निखाऱ्यांवर ठेवीत आणि त्यांतून ‘दमपुख्त’ जन्मास आले, अशी आख्यायिका लखनौत सांगतात. ती खरी असो वा नसो, मंद आंचेचे मर्म त्या शहरातल्या भडभुंज्याला नवाबाच्या बावर्चीकडून शिकण्याची गरज नव्हती. आमच्या रायगडातले शेतकरी वालाच्या शेंगांबरोबर बटाटे आणि रताळी मडक्यात घालून भांबुर्ड्याच्या पाल्यात पोपटी लावतात, तेही त्याच विद्येचे धनी.

पालापाचोळा शहरात सहजासहजी मिळेनासा झाल्यावर मातीचा भाड मागे पडत गेला आणि त्याची वाळू लोखंडी कढईत शिरून हातगाडीवर चढली. आज थंडीत लखनौच्या रस्त्यांवर ‘भुने आलू’ मिळतात ते याच कढईतले: वाळूतून काढलेला बटाटा झटकून फोडायचा आणि मसाल्याचे मीठ व कोथिंबिरीची हिरवी चटणी घालून हाती द्यायचा. शकरकंद निखाऱ्यावर भाजून, कापून, काळे मीठ व लिंबू लावून पानाच्या द्रोणात देतात; हंगाम असेल तर वर आंबट कमरखाच्या चकत्याही पडतात. अलीकडे लोण्याचा आणि मसाल्याचा हात सैल होत चालला आहे, आणि माझ्या मते हा रकाबदारांच्या जुन्या व्यसनाचा रस्त्यावर झालेला संसर्ग आहे.

मार्गशीर्ष-पौषात लखनौस जाण्याचा योग आला तर चौकातले कबाब अवश्य खावेत; पण संध्याकाळी एखाद्या हातगाडीपाशी थांबून मसाला वेगळा मागून घ्यावा, आणि रताळ्याचा पहिला तुकडा काहीही न लावता खाऊन पाहावा.