सांताक्रुझ विधानसभा मतदारसंघ

सांताक्रुझ विधानसभा मतदारसंघ : महाराष्ट्र विधानसभेचा मुंबई उपनगरातील एक पूर्वीचा मतदारसंघ, जुना क्रमांक ४०. १९७६ च्या परिसीमनाने ठरलेल्या रचनेत तो होता. त्या रचनेवर १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९५, १९९९ आणि २००४ अशा सात सार्वत्रिक निवडणुका झाल्या. २००८ च्या परिसीमनात तो रद्द झाला. येथील १९९० च्या निवडणुकीविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठापर्यंत गेला आणि धर्म, जात किंवा भाषेच्या नावाने मते मागण्याविषयीचा आजचा कायदा त्यातून पक्का झाला. मतदारसंघाचे खरे महत्त्व त्या खटल्यात आहे.

परिसर : सांताक्रुझ हे पश्चिम रेल्वेवरील वांद्रे, खार आणि विलेपार्ले यांच्या शेजारचे उपनगर. पूर्वी साष्टी बेटाचा हा भाग खेड्यांचा होता. कोळेकल्याण हे त्यांपैकी जुने गाव असून, मुंबई विद्यापीठाचे विद्यानगरी संकुल ज्या कालिन्यात आहे तो भाग याच गावठाणांच्या आसपास वाढला. ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती येथे मुळापासूनची आहे. विमानतळ लागून असल्याने त्याला कित्येक वर्षे ‘सांताक्रुझ विमानतळ’ असेच म्हटले जाई. वाकोला आणि गोळीबार या भागांत चाळी व झोपडपट्ट्या दाट आहेत. मराठी, उत्तर भारतीय, गुजराती, दक्षिण भारतीय, मुसलमान आणि ख्रिस्ती मतदार एकाच पट्ट्यात राहतात. केवळ एका समाजाच्या बळावर अशा ठिकाणी निवडणूक जिंकणे अवघड असते. म्हणूनच एखाद्या समाजाला उद्देशून केलेल्या आवाहनाचे मोल इथे उमेदवारांना फार वाटते.

प्रशासकीय दृष्ट्या हा प्रदेश १९५० मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीत आला. दहिसर-मुलुंडपर्यंतची पुढची उपनगरे १९५७ मध्ये जोडली गेली. वादग्रस्त निवडणूक फेब्रुवारी १९९० मध्ये झाली, तेव्हा स्वतंत्र मुंबई उपनगर जिल्हाही नव्हता. तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झाला. आज हा भाग अंधेरी तालुक्यात मोडतो.

१९९० ची निवडणूक आणि याचिका : २७ फेब्रुवारी १९९० रोजी महाराष्ट्रात मतदान झाले. शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष यांनी युती करून लढवलेली ही पहिलीच विधानसभा निवडणूक. सांताक्रुझमधून भाजपचे अभिराम सिंह निवडून आले. त्यांच्या निवडीला सी. डी. कोमाचेन (न्यायालयाच्या नोंदीतील लेखन) यांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. धर्माच्या आधारे मते मागण्यात आली, हा लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) खालील भ्रष्ट आचार आहे, असा याचिकेचा आशय होता. ८ एप्रिल १९९१ रोजी उच्च न्यायालयाने निवड रद्द ठरवली. सिंह सर्वोच्च न्यायालयात गेले.

हा खटला समजण्यासाठी शेजारच्या दोन मतदारसंघांकडे पाहावे लागते. विलेपार्ल्यात १३ डिसेंबर १९८७ रोजी पोटनिवडणूक झाली. शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू यांनी काँग्रेसचे प्रभाकर कुंटे यांचा पराभव केला. कुंटे यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने एप्रिल १९८९ मध्ये ती निवड रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी तो निर्णय कायम ठेवला. बाळासाहेब ठाकरे यांच्या प्रचारभाषणांवरून हा निर्णय झाला. पुढे त्यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी, म्हणजे डिसेंबर २००१ पर्यंत, काढून घेण्यात आला. हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे, या विधानासाठी हा निकाल सर्वत्र ओळखला जातो. पण त्याच निकालाने निवड रद्दच ठेवली होती, ही गोष्ट मात्र विसरली जाते, आणि ती विसरल्यामुळे त्या निकालाचा अर्थ उलटा लावणाऱ्यांची मोठी सोय झाली आहे. दुसरा मतदारसंघ कुर्ला पूर्वेचा नेहरूनगर. तिथे १९९० मध्ये शिवसेनेचे सूर्यकांत महाडिक निवडून आले आणि तशाच कारणावरून त्यांचीही निवड रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयात अपील फेटाळले जाईपर्यंत ती विधानसभा संपून गेली होती. १९९५ मध्ये महाडिक पुन्हा निवडून आले होते, पण अपात्रतेमुळे ती जागाही गेली. १९९६ च्या पोटनिवडणुकीत समाजवादी पक्षाचे नवाब मलिक विजयी झाले.

सांताक्रुझच्या अपिलाचा मार्ग यांहून लांबला. तीन न्यायाधीशांच्या पीठाने १६ एप्रिल १९९६ रोजी ते पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपवले. तिथे ते बरीच वर्षे पडून राहिले. ३० जानेवारी २०१४ रोजी पाच न्यायाधीशांनी ते सात न्यायाधीशांकडे पाठवले. ऑक्टोबर २०१६ मध्ये सलग सुनावणी झाली. हिंदुत्व म्हणजे काय, या जुन्या प्रश्नात पुन्हा शिरण्यास पीठाने तेव्हा नकार दिला. समोर आलेला प्रश्न त्याहून अरुंद आणि कायद्याच्या दृष्टीने अधिक कळीचा होता.

कायद्यातील प्रश्न : १९५१ च्या मूळ तरतुदीनुसार धर्म, जात इत्यादींच्या नावाने ‘पद्धतशीर’ आवाहन करणे भ्रष्ट आचार ठरत होते. १९६१ च्या दुरुस्तीत ‘पद्धतशीर’ हा शब्द काढला गेला आणि ‘त्याच्या’ धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषेच्या आधारे, असे शब्द घातले गेले. एकदाच केलेले आवाहनही आता पुरेसे होते. पण ‘त्याच्या’ म्हणजे कोणाच्या? उमेदवाराच्या, असा अर्थ घेतला तर स्वतःचा धर्म पुढे करून मते मागणे एवढेच निषिद्ध ठरते. हिंदू उमेदवाराने मुसलमान मतदाराला त्याच्या धर्माचे नाव घेऊन साद घातली, तर ती निषेधातून सुटते. मतदाराचाही धर्म त्यात धरला तर कक्षा एकदम रुंदावते. सांताक्रुझसारख्या मिश्र वस्तीत हा फरक प्रचाराच्या प्रत्येक सभेत लागू पडतो.

२ जानेवारी २०१७ रोजी अभिराम सिंह विरुद्ध सी. डी. कोमाचेन या खटल्याचा निकाल चार विरुद्ध तीन अशा मतांनी लागला. सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर दुसऱ्याच दिवशी निवृत्त होणार होते. त्यांच्यासह न्या. मदन लोकूर, न्या. शरद बोबडे आणि न्या. एल. नागेश्वर राव यांनी व्यापक अर्थ स्वीकारला : उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी, त्याच्या संमतीने आवाहन करणारी व्यक्ती आणि मतदार, यांपैकी कोणाच्याही धर्माच्या, जातीच्या वा भाषेच्या आधारे मत मागणे हा भ्रष्ट आचार. निवडणूक ही धर्मनिरपेक्ष कृती आहे, हा या मताचा गाभा. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी स्वतःसाठी आणि न्या. आदर्शकुमार गोयल व न्या. उदय लळित यांच्या वतीने वेगळे मत लिहिले. धर्म, जात आणि भाषा यांमुळे लोकांच्या वाट्याला आलेला अन्याय हा राजकीय चर्चेचा रास्त विषय आहे. त्याची चर्चाच बंद केली तर लोकशाही पोकळ होईल, असे त्यात सांगितले आहे. दलित, अल्पसंख्याक किंवा भाषिक समूहाच्या मागण्या घेऊन उभ्या राहणाऱ्या पक्षांना हा आक्षेप आजही महत्त्वाचा वाटतो, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतून घडलेल्या राज्यात भाषेचा मुद्दा तर सहज बाजूला सारता येणारा नाही. तरीही उमेदवार आणि मतदार यांच्यातील भेद मिटवणारे बहुमत या नोंदकर्त्याला अधिक योग्य वाटते. मतदाराच्या धर्माला हात घालणारा प्रचार उमेदवाराच्या धर्माचा टेंभा मिरवणाऱ्या प्रचारापेक्षा कमी घातक नसतो.

सात न्यायाधीशांनी फक्त कायद्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. मतदानापासून त्या दिवसापर्यंत जवळजवळ सत्तावीस वर्षे गेली होती. याचिकाकर्ता मरण पावला होता; निकालाच्या शीर्षकात त्याच्या नावापुढे वारसांचा उल्लेख आहे. १९९० ची विधानसभा १९९५ मध्येच संपली होती. ज्या मतदारांची निवड खरी की खोटी हे ठरायचे होते त्यांना वेळेवर काहीच मिळाले नाही. निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदाच सांगतो. हे सारे त्या अपेक्षेशी ताडून पाहिले म्हणजे दोष न्यायालयीन विलंबाचा किती मोठा आहे हे कळते.

पुढील काळ आणि विसर्जन : १९९९ आणि २००४ मध्ये काँग्रेसचे कृपाशंकर सिंह सांताक्रुझमधून निवडून आले. उत्तर भारतीय मतदारांचे मुंबईच्या राजकारणातील वाढते वजन या दोन विजयांत दिसते.

१९७१ च्या जनगणनेवर बेतलेली रचना घटनेच्या ४२ व्या दुरुस्तीने गोठवली गेली होती. त्या काळात मुंबईची लोकसंख्या दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेली. गिरणगाव रिता होत असताना बोरिवली, मालाड, भांडुपच्या याद्या फुगत राहिल्या आणि विधानसभेत शहर व उपनगर यांच्या जागा मात्र १७-१७ अशा समसमान राहिल्या. २००१ च्या जनगणनेनुसार परिसीमन आयोगाने २००८ मध्ये नवी वाटणी केली. मुंबई शहराला १० आणि उपनगराला २६ जागा मिळाल्या, एकूण ३४ च्या ३६ झाल्या. उपनगराला जागा वाढून मिळाल्या तरी सांताक्रुझ, खेरवाडी, आंबोली, ट्रॉम्बे आणि नेहरूनगर ही नावे नकाशावरून उतरली. सात न्यायाधीशांसमोर सुनावणी झाली तेव्हा वाद ज्या मतदारसंघाचा होता तो अस्तित्वातच नव्हता.

नव्या रचनेची पहिली निवडणूक ऑक्टोबर २००९ मध्ये झाली. वाकोला-कालिना पट्टा कालिना मतदारसंघात (क्र. १७५) गेला. कृपाशंकर सिंह तिथून निवडून आले. २०१४, २०१९ आणि २०२४ मध्ये संजय पोतनीस विजयी झाले, पहिल्या दोन वेळा अविभाजित शिवसेनेकडून आणि तिसऱ्यांदा शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाकडून.