को : बैठ्या व्यापाऱ्याचा शब्द

'नोंग को मिन दाम' हे फ्रेंच अमलाखालच्या सायगावातून १ ऑगस्ट १९०१ रोजी निघालेले व्हिएतनामी पत्र. मालक पॉल कानाव्हाज्जो, पहिले संपादक लुओंग खाक निन्ह. नावातले चारही शब्द मूळचे चिनी: नोंग म्हणजे शेती, को म्हणजे व्यापारी, मिन म्हणजे चहा, दाम म्हणजे गप्पा. शेती-व्यापारावर चहाच्या घोटाबरोबर बोलणे, असा सगळा अर्थ.

यातला 'को' सर्वांत बोलका. जुन्या चिनीत माल घेऊन गावोगाव हिंडणारा तो 'शांग' आणि एका जागी दुकान मांडून बसणारा तो 'कू'. व्हिएतनामीत त्यांचे 'थुओंग' आणि 'को' झाले. पुढे हा भेद पुसट होऊन 'थुओंग को' हा जोडशब्द एकूण व्यापाराला लागू झाला. निन्ह यांच्या व्यापारावरच्या लेखमालेच्या नावातही हाच जोडशब्द होता. दक्षिणेतला बराचसा धंदा तेव्हा चिनी पेढ्यांच्या हाती होता; आपल्या लोकांनी त्यात उतरावे, ही त्यांची तळमळ. पत्र चिनी अक्षरांत नव्हे, रोमन वळणाच्या क्वोक न्गू लिपीत छापले जाई, हे त्या तळमळीला साजेसेच.

आज व्यापाराला 'थुओंग माय' म्हणतात, 'थुओंग को' जुन्या लिखाणात उरला आहे. शेअरसाठीच्या 'को फिएउ'मधला 'को' मात्र वेगळ्या चिनी अक्षरातून आलेला आहे.