अध्याय अमुक, वचन तमुक

१५५१ साली रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने जिनिव्हात ग्रीक नवा करार छापला आणि प्रत्येक अध्यायातल्या वचनांना ओळीने आकडे घातले. पॅरिसहून लिऑनला जाताना प्रवासात त्याने हे काम उरकले, असे त्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे. घोड्यावर बसल्या बसल्या केले की मुक्कामाच्या सरायांत, यावर नंतरच्या लोकांनी बराच काथ्याकूट केला. अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीलाच इंग्लंडच्या स्टीफन लँग्टनने पाडले होते. एस्तिएनने त्यांचे आणखी बारीक तुकडे केले, तेही भल्या हेतूने: दोन माणसे दोन वेगवेगळ्या प्रती घेऊन बसली, तर दोघांना एकच जागा पटकन सापडावी. १५६० मध्ये जिनिव्हातल्याच इंग्रज निर्वासितांनी आपले इंग्रजी बायबल छापले, तेव्हा आकड्यांबरोबर प्रत्येक वचन नव्या ओळीवर सुरू केले. सलग लिहिलेली पत्रे, गोष्टी, प्रवचने कागदावर सुट्या वाक्यांसारखी दिसू लागली.

इंग्रजी बोलणाऱ्या ख्रिस्ती जगात आज एखादा वाद रंगला की मधेच कोणी तरी येतो, मुद्द्याला हात घालत नाही, ‘मत्तय ७:६’ एवढेच लिहितो आणि निघून जातो. हे वचन डुकरांपुढे मोती न टाकण्याबद्दलचे आहे. उत्तर दिलेले नसते, पण मोती कोणाचे आणि डुकरे कोण हे ठरवून झालेले असते. कधी ‘तुझ्यासाठी प्रार्थना करतो’ असे म्हटले जाते, कधी पायाची धूळ झटकण्याचा दाखला येतो, कधी समोरच्याला ‘परूशी’, म्हणजे धर्माचे ढोंग करणारा, म्हटले जाते. या प्रकारात वचन हे म्हणणे मांडण्यासाठी येत नाही. बोलणाऱ्याला चार पायऱ्या वर बसवण्यासाठी येते. हे इंटरनेटने शिकवले असे समजणाऱ्यांनी थोडे मागे जायला हवे.

सगळ्यात जुना दाखला खुद्द बायबलमध्येच आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या कंगोऱ्यावर नेतो, खाली उडी टाक म्हणतो आणि आधाराला स्तोत्र ९१ मधले वचन काढतो. वचन खरे आहे, पण त्यातला मार्गाने चालण्याविषयीचा तुकडा त्याने गाळला आहे. येशू त्याला बायबलमधल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकातले दुसरे वचन ऐकवतो आणि विषय संपतो. त्या काळी आकडे नव्हते. वचन काढायचे तर ते तोंडपाठ असावे लागे, ऐकणाऱ्यालाही आगापिछा माहीत असे. ईयोबाचे मित्र तर आणखी जवळचे वाटतात. राखेत बसलेल्या, मुले गमावलेल्या माणसाला ते देवाच्या न्यायाविषयी एकेक गोष्ट सांगत राहतात. त्यातली पुष्कळशी वाक्ये एरवी कोणीही मान्य करावी अशीच आहेत. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर, ईयोबावर नाही. माझ्या मते या सगळ्या विषयावर याहून खोल लिहिलेले दुसरे काही नाही.

पण या सवयीने खरे बाळसे धरले ते सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये. विल्यम टिंडेलने १५२६ साली नवा करार इंग्रजीत छापला आणि १५३६ मध्ये त्याला ब्रसेल्सजवळ गळा आवळून जाळण्यात आले, हे विसरून चालणार नाही. ज्या ग्रंथासाठी माणसे मेली तो हाती आल्यावर शेतकऱ्या-कारागिरांनी तो पाठ केला, त्याच्याच शब्दांत बोलू लागले, हे स्वाभाविक होते. प्युरिटन घरांत मुलांची नावेही त्या भक्तीतून आली. १६५३ च्या पार्लमेंटला ज्याचे नाव चिकटले, तो लंडनचा कातडे विकणारा ‘प्रेज-गॉड बेअरबोन’ होता. ज्यांना या बोलीतला चढा सूर खटकला त्यांनी रंगभूमीवर सूड उगवला. बेन जॉन्सनच्या १६१४ च्या ‘बार्थोलोम्यू फेअर’ मधला झील-ऑफ-द-लँड बिझी जत्रेला मूर्तिपूजा म्हणून शिव्या घालत जत्रेतच डुकराचे मांस चापतो आणि अखेर कळसूत्री बाहुलीशी शास्त्रार्थ करून हरतो. जॉन्सनने अन्यायही केला आहे. अशा माणसांतले कित्येक पुढे आपल्या श्रद्धेसाठी तुरुंगात गेले.

ही बोली राज्यकारभारात शिरली तेव्हा काय झाले, ते इंग्रज सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेलच्या एका पत्रात स्पष्ट दिसते. ऑगस्ट १६५० मध्ये तो सैन्य घेऊन स्कॉटलंडात होता आणि तिथल्या चर्चच्या महासभेला त्याने लिहिले, की तुमचीही चूक होत असेल हे शक्य मानून बघा. ही विनवणी पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातल्या शब्दांत घोळवलेली आहे, आणि नम्रतेचा नमुना म्हणून ती आजतागायत सांगितली जाते. पण त्याच पत्रात थोडे पुढे क्रॉमवेल त्यांना यशयाचा अठ्ठावीसावा अध्याय, पाचव्यापासून पंधराव्या वचनापर्यंत, वाचायला सांगतो. तो भाग काढून वाचला की विनवणीचा रंग बदलतो. तिथे मद्याने झिंगलेले याजक आणि संदेष्टे आहेत, ओकारीने भरलेली मेजे आहेत, मृत्यूशी करार करणारे लोक आहेत. स्कॉटिश पाळकांना हे तोंडावर सांगितले असते तर शिवी झाली असती. आकड्यांत सांगितल्यामुळे तो उपदेश झाला. पाळकही काही कमी नव्हते. त्यांचीही वचने तयार होती. ३ सप्टेंबरला डनबार येथे लढाई झाली, हजारो स्कॉट मारले गेले किंवा कैद झाले, आणि पाठलागाच्या आधी क्रॉमवेलच्या स्वारांनी थांबून स्तोत्र ११७ गायले. ते सगळ्यात छोटे स्तोत्र आहे. मला इथे क्रॉमवेल ढोंगी वाटत नाही. त्याने ते सगळे मनापासून लिहिले होते, आणि हीच या सवयीतली अवघड गोष्ट आहे: वचन हातात आले की स्वतःचा राग स्वतःला ओळखू येत नाही.

हे ज्याला आतून कळले होते तो माणूस म्हणजे जॉन बन्यन. भांडी सांधणारा कारागीर, परवान्याशिवाय उपदेश केल्याबद्दल १६६० पासून बारा वर्षे बेडफर्डच्या तुरुंगात. त्याचे ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ १६७८ साली आले. मराठीत हरी केशवजींनी ते १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ या नावाने आणले. त्यातले यात्रेकरू पोकळ बाजारात येतात तेव्हा कनान देशाची भाषा बोलतात, ती बाजारकऱ्यांना कळत नाही. हे कनानी बोलीचे रूपक यशयातून घेतलेले आहे आणि बन्यनला त्या भाषेचा अभिमान आहे. पण बाजार येण्याआधीच त्याने वाटेवर एक बोलघेवडा उभा केला आहे, टॉकेटिव्ह नावाचा. नवा जन्म, पश्चात्ताप, विश्वास, जे म्हणाल त्यावर हा अस्खलित बोलतो. यात्रेकरूंपैकी फेथफुल पहिल्या भेटीत त्याच्यावर भाळतो. त्याचा सोबती ख्रिश्चन मात्र टॉकेटिव्हच्याच गावचा. घरच्यांना याचा काय जाच आहे ते त्याला ठाऊक असते. मग फेथफुल त्याला सरळ विचारतो: पापाविरुद्ध ओरडणे आणि पापाची किळस येणे यांत फरक काय? आणि तुझ्या आचरणाची साक्ष कोण देईल? टॉकेटिव्ह लाजतो, मग समोरच्यालाच तिरसट ठरवतो आणि चालू लागतो. साडेतीनशे वर्षांत या निरोपाच्या पद्धतीत काही फरक पडलेला नाही.

आकड्यांचा धोका तत्त्वज्ञ जॉन लॉकने ओळखला. पौलाच्या पत्रांवरचे त्याचे लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १७०७ मध्ये, छापले गेले. त्याच्या प्रस्तावनेत त्याने तक्रार केली, की पत्रांची अशी खांडोळी केल्यामुळे साधी माणसेच काय, विद्वानही एकेक वचन म्हणजे स्वतंत्र सुभाषित समजतात आणि जो तो पंथ आपल्या सोयीचे उचलतो. त्याचे कोणी ऐकले नाही. उलट १७३७ मध्ये ॲबरडीनच्या अलेक्झांडर क्रूडनने एकट्याने बायबलचा प्रचंड शब्दकोश सिद्ध केला: कोणताही शब्द काढा, तो कुठेकुठे आला आहे ते पुढ्यात हजर. क्रूडन मुद्रितशोधक होता. स्वतःला तो लोकांचा ‘सुधारक’ म्हणवी आणि खिशात स्पंज ठेवून लंडनच्या भिंतींवरचे खडूचे वाईटसाईट लिहिणे पुसत फिरे. १८९० मध्ये जेम्स स्ट्राँगने मूळ हिब्रू आणि ग्रीक शब्दांनाही आकडे दिले. आता ग्रंथ न वाचताही त्यातले हवे ते काढता येऊ लागले.

क्रूडन आणि स्ट्राँग यांच्या मधल्या काळात वचनाचा चाबूक झाला, आणि इथे मी अलंकारिक बोलत नाही. १८०७ साली लंडनमध्ये कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांसाठी निवडक बायबल छापले गेले. इस्राएल लोक मिसरच्या दास्यातून सुटल्याची गोष्ट त्यातून काढून टाकली होती. अमेरिकेत गुलामीतून सुटलेला फ्रेडरिक डग्लस १८४५ च्या आत्मकथनात आपला मालक थॉमस ऑल्ड याच्याविषयी सांगतो. हा माणूस १८३२ मध्ये मेरीलँडमधल्या एका मेथडिस्ट मेळाव्यात धर्माला लागला. घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना सुरू झाल्या, उपदेशक मुक्कामाला येऊ लागले. डग्लसला आशा होती की आता तरी तो मऊ होईल. झाले उलट. हात भाजून अधू झालेल्या एका तरुण गुलाम बाईला तो बांधून ठेवी, उघड्या खांद्यांवर रक्त येईपर्यंत फटके मारी आणि मारताना लूकच्या बाराव्या अध्यायातले वचन म्हणे, धन्याची इच्छा ठाऊक असून ती न पाळणाऱ्या दासाला मिळणाऱ्या फटक्यांचे. पूर्वी त्याच्याजवळ फक्त स्वतःचा क्रूरपणा होता. आता त्याला आधार मिळाला, असे डग्लसचे म्हणणे. लूकच्या त्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांना बजावतो आहे, की ज्याला अधिक दिले त्याच्याकडून अधिक मागितले जाईल. तो इशारा ऑल्डसारख्यांनाच होता.

या परंपरेचा एक धागा आपल्याकडेही येतो, पंडिता रमाबाईंच्या पत्रांतून. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकू आणि शिकवू लागल्या. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चची सत्ता, बिशपांचे हुकूम यांवर त्या प्रश्न विचारू लागल्या, तेव्हा आजीबाईंच्या पत्रांचा सूर बदलला. प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी रमाबाईंच्या अहंकाराचे निदान होऊ लागले, आणि विनम्रता, आज्ञापालन, देवाने नेमलेल्या वडीलधाऱ्यांचा मान हे धडे पुन्हा पुन्हा गिरवायला सांगितले गेले. रमाबाई बायबल घेऊनच उत्तर देत होत्या, पण स्वतः वाचलेले. ब्राह्मण पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले, आता तसलेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, असे त्यांनी कळवले. क्रुसावरचे शब्द लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नकोत, लॅटिन अधिक पवित्र आहे काय, असेही विचारले. संस्कृताच्या पाठांतरावर ज्यांनी सभा जिंकल्या होत्या, त्या बाईंना हा खेळ नवा नव्हता. शास्त्रवचनाने समोरच्याला गप्प कसे करतात हे त्यांनी लहानपणापासून पाहिले होते.

म्हणूनच त्यांच्या शेवटच्या कामाकडे मी याच संदर्भात पाहतो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी सबंध बायबल मराठीत आणले. संस्कृतप्रचुर शब्द टाळून, दुष्काळातून आलेल्या अडाणी बायकांना वाचता येईल अशा साध्या भाषेत. खिळे जुळवणे, छापणे हे कामही मुक्तीतल्या मुली-बायकांनीच केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल बाहेर पडले. त्या भाषेचा तोरा मिरवणे कठीण आहे.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगता येते. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये ‘बायबल गेटवे’ सुरू झाले आणि २००८ मध्ये ‘यूव्हर्जन’ ॲप आले. क्रूडनच्या शब्दकोशात पाने चाळून होई तो शोध आता एका क्षणात होतो. त्याचा चांगला उपयोग करणारे असंख्य आहेत. पण यिर्मया २९:११ शुभेच्छापत्रावर छापताना, हे बाबेलमधल्या कैद्यांना लिहिलेले पत्र आहे आणि आदल्याच वचनात सत्तर वर्षे थांबायला सांगितले आहे, हे गळून जाते. फिलिप्पै ४:१३ खेळाडू जिंकण्यासाठी मिरवतात. पौल तिथे, बेड्यांत असताना, उपाशी राहूनही समाधानी कसे राहायचे ते सांगतो आहे.

आणि मत्तय ७:६, जिथून ही गोष्ट सुरू केली. मोत्यांच्या वचनाच्या लगेच वर, त्याच अध्यायाच्या तिसऱ्या ते पाचव्या वचनांत, दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ आहे. आकडे नव्हते तेव्हा मोत्यांपर्यंत पोचायला मुसळावरूनच जावे लागे. तेव्हा ज्या कोणाला वादात सहावे वचन लिहायचे असेल, त्याने आधी ती तीन वचने मोठ्याने वाचावीत, आणि मगही हात शिवशिवत असेल तर खुशाल लिहावे.